बाच्या अंगठ्याची पत्रं

गारखेडा, औरंगाबाद
१७ जानेवारी १९९९

प्रिय भाऊ,

या वेळी पाकीट जाड आहे आणि आत माझ्या एकटीचंच पत्र आहे. आजवर तुला सात पत्रं आली, ती बाची होती. खाली त्याचा अंगठा असायचा आणि शेवटी माझी एखादी ओळ, मी बरी आहे, अभ्यास चालू आहे, अशी. आज बाचं काही नाही. घाबरू नकोस, बा धडधाकट आहे, माय पण. तुझं नोव्हेंबरातलं पत्र पोचलं. उत्तराला इतका उशीर का झाला ते सांगायला मला जरा मागून यावं लागेल. तू सगळं वाच. राग आला तरी मध्येच ठेवून देऊ नकोस.

मागच्या आठवड्यात मी शिकवते त्या शाळेच्या मैदानावर सातवीच्या मुली सॉफ्टबॉल खेळत होत्या. मी वर्गाच्या खिडकीतून बघत होते. चेंडू टाकणारी पोरगी दर वेळी हातातला चेंडू एकदा मांडीला पुसायची, आणि मला तू दिसलास, हातात चेंडूऐवजी दगड घेतलेला. मेंढीला दगड मारायचा नसतो हे बानं तुला शिकवलं तेव्हा मी चार वर्षांची असेन, पण मला ते दिसल्यासारखं आठवतं. दगड तिच्या तोंडापुढं हातभर पडला पाहिजे, मग ती आपणहून वळते. तुझा एक दगड चुकून एका तरण्या मेंढीच्या पायाला लागला, तर बानं तुला ती मेंढी खांद्यावर घेऊन वस्तीपर्यंत चालायला लावलं होतं. त्यानंतर तुझा दगड चुकला नाही. नानासाहेब गुरुजींनी तुला शाळेमागच्या झाडाची सांगाल ती एकच चिंच पाडताना पाहिलं आणि वस्तीवर येऊन बाला म्हणाले, "त्रिंबकराव, हे पोरगं मला द्या." बा म्हणाला, "न्या की गुर्जी. पर सांजच्याला मेंढरं वळवायला परत द्या." गुरुजी ही गोष्ट अजून सगळ्यांना सांगतात. ते आता निवृत्त झालेत, सोयगावातच असतात, आणि कान जरा कमी झालाय म्हणून पूर्वीपेक्षा मोठ्यानं सांगतात.

तू औरंगाबादला आलास, चिकलठाण्याच्या कारखान्यात लागलास, त्यांच्या मैदानावर सकाळी चेंडू टाकायचास आणि दुपारपाळीला मशीनवर जायचास, तेव्हा मी सोयगावच्या शाळेत होते. बेसबॉल म्हणजे काय हे वस्तीत कोणाला कळत नव्हतं. माय विचारायची, "त्यात पळायचं असतंय का?" मी सांगायचे, भाऊ पळत नाही, तो मधल्या उंचवट्यावर उभा राहून चेंडू टाकतो, आणि समोरच्याला तो मारता येऊ नये एवढंच बघतो. माय म्हणायची, "एवढ्यासाठी इमानात बसवून नेत्यात?" तू देशाच्या संघातून मनिलाला निघालास त्या दिवशी गुरुजींनी शाळेला पेढे वाटले होते.

आणि मग संघ परत आला, तू आला नाहीस. गुरुजी घाट उतरून वस्तीवर आले, बाजेवर बसले आणि बराच वेळ पाणीच पीत राहिले. शेवटच्या सामन्यानंतर तू हॉटेलातून निघून गेलास, तैवानच्या एका कारखान्याच्या संघाचा माणूस तुला घेऊन गेला, आपल्या संघाच्या व्यवस्थापकानं तसा अहवाल दिलाय आणि आता तुला देशाकडून कधी खेळता येणार नाही, एवढं त्यांनी सांगितलं. बानं फक्त एक विचारलं, "जित्ता हाय ना?" गुरुजी हो म्हणाले. बा उठून मेंढरांकडं गेला.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा माझी बारावीची परीक्षा नुकतीच झाली होती. पोस्टमन म्हणाला, त्रिंबककाका, वाचून दावू का? बानं त्याला हातानं थांबवलं. "घरात शिकलेली लेक असताना परक्याच्या तोंडून कशापायी ऐकू?" हे वाक्य त्यानं पुढं पाच वर्षं सगळ्यांना ऐकवलं. पत्र आलं की ते फेट्याच्या घडीत ठेवायचा आणि मी सुट्टीला येईपर्यंत न उघडता सांभाळायचा. उत्तर पण मीच लिहायचं. तो समोर उकिडवा बसायचा, मी पाट मांडीवर घ्यायचे, आणि तो माझं नाव घेऊन म्हणायचा, "लिव्ह, बाने."

भाऊ, त्या पहिल्या उत्तरात बानं काय सांगितलं होतं ते मला शब्दाशब्दानं पाठ आहे. "लिव्ह. मेंढरं बरी हायेत. काळीला दोन झाली. गुर्जीनं सांगितलं तू पळालास. पळालास तर पळालास. लोकं दोन दिस बोलत्यात, तिसऱ्या दिशी त्येंचं त्येंना असतंय. पर आता हिकडं ये. कडूबामामा वाट बघून ऱ्हायलाय. तुला कोणी काय म्हणनार नाय, मी हाय." मी मान डोलावत होते आणि पेन चालवत होते. तुला जे मिळालं ते असं होतं: बा म्हणतो, जिथं आहेस तिथं मन लावून खेळ, आपल्या माणसांचं नाव कर. लिहून झाल्यावर मी पेनातली शाई त्याच्या अंगठ्याला लावली. त्यानं तो कागदावर दाबून धरला आणि म्हणाला, "नीट उमटला का बघ. त्याला कळलं पायजे, बापाचंच हाय."

तेव्हा मला वाटलं, मी काही वाईट केलं नाही. आपल्यातला एकही माणूस तालुक्याबाहेर नावानं ओळखला गेला नव्हता. तू परत येऊन काय केलं असतंस? कारखान्यातली नोकरी गेलेली, मैदान बंद झालेलं, पुन्हा काठी आणि कांबळं. मला वाटलं, बा मायेपोटी बोलतोय, त्याला जग माहीत नाही, मला पुस्तकांमुळं थोडं माहीत आहे, तर मी त्याच्यासाठी नीट लिहिते. औरंगाबादला कॉलेजात आल्यावर पहिल्याच वर्षी मी वक्तृत्व स्पर्धेत तुझ्यावर बोलले. विषयाला मी नाव दिलं होतं, 'मेंढरांमागून जगाच्या मैदानावर'. कप मिळाला. इथल्या एका पेपरात तुझ्याबद्दल चार ओळी आल्या, त्या मी कापून वहीत चिकटवल्या. मैत्रिणींना मी सांगायचे, माझा भाऊ परदेशात पिचर आहे, आणि त्या विचारायच्या, म्हणजे काय? मला ते समजावून सांगताना फार उंच वाटायचं.

मग ऑगस्ट चौऱ्याण्णवचं तुझं पत्र. तू लिहिलं होतंस की दिवसा बुटांच्या कारखान्यात काम, संध्याकाळी सराव, बोलायला कोणी नाही, चार महिन्यांत मराठीचा एक शब्द तोंडातून आला नाही म्हणून तू मैदानात मेंढरांना घालायचे ते आवाज काढून बघितलेस आणि सगळे हसले. शेवटी लिहिलं होतंस, बा, मी येऊ का? तू ये म्हण, मी येतो. ते पत्र मी वस्तीवर, चुलीपाशी, बा आणि माय दोघांसमोर वाचलं. कारखान्याचं वाचलं. हसण्याचं वाचलं, माय पण हसली. शेवटच्या ओळीशी आल्यावर मी न अडखळता म्हणाले, मजेत आहे, काळजी करू नये, पुढच्या वर्षी मोठ्या संघात घेतील असं म्हणतात. बानं विचारलं, "यायचं कायबी न्हाई म्हनला?" मी म्हणाले, नाही. त्यानं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाला, "लिव्ह. ये म्हणावं. इचारू नको म्हणावं, ये."

मी काय लिहिलं ते तुझ्याकडं आहे. तू ते पत्र अजून ठेवलंयस हे मला तुझ्याच पत्रावरून माहीत आहे. बा म्हणतो, आता परत आलास तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. नाव करूनच ये, नाहीतर येऊ नको. खाली बाचा अंगठा. त्या दिवशी त्यानं तो दोनदा उमटवला होता, पहिला पुसट आला म्हणून.

त्यानंतर तू विचारायचं बंद केलंस. तैवानहून मेक्सिकोला गेलास. वेराक्रूझच्या संघात तुझ्या खोलीत तो क्यूबाचा रेने आला, त्याच्याबद्दल तू पानंच्या पानं लिहिलीस. तो पण स्पर्धेच्या हॉटेलातून निघून गेलेला, तो पण चेंडू टाकणारा. त्याला घरी फोन करता येत नाही, घरून येत नाही. गावच्या रेडिओवर पूर्वी त्याचं नाव यायचं ते आता घेत नाहीत, आणि आईची पत्रं येतात ती कोणा प्रवाशाच्या बुटात लपून. मी हे सगळं घरी वाचलं. माय रेनेच्या आईसाठी हळहळली. म्हणाली, "तिचं लेकरू सरकारनं अडवलं गं. आपलं काय, आपल्याला कोण अडवतंय." पण त्याच पत्राच्या दुसऱ्या पानावर तू लिहिलं होतंस की रेनेनं तुला विचारलं, तुझ्या देशाचं दार उघडं आहे, तर तू का जात नाहीस? आणि तू त्याला सांगितलंस, माझ्या बापानं लावलंय. ते पान मी वाचलं नाही. घडी घालून कडेला ठेवलं आणि सांगितलं की पुढं नुसते सामन्यांचे आकडे आहेत. रेनेच्या दारामागं एक सरकार होतं. तुझ्या दारामागं मीच उभी होते, आणि तू बापाला दोष देत होतास.

तरी मी थांबले नाही. खोटं एकदा लिहिलं की पुढचं पत्र त्याला धरूनच लिहावं लागतं. तू रेनेच्या जोडीनं इटलीला गेलास, ग्रोसेटोच्या संघात दोन वर्षं खेळलास, एका सामन्यात सलग सात जणांना बाद केलंस आणि पेपरचा फोटो पाठवलास. बानं तो फोटो फेट्यातून काढून काढून एवढ्या लोकांना दाखवला की घडीवर तुझा हात तुटला. बा प्रत्येक पत्रात ये म्हणाला. सातही पत्रांत. शेवटच्या दोन-तीन वेळा तर तेवढंच म्हणाला, मेंढरांचंही सांगितलं नाही. आणि उत्तरात तुझं येणं नाही, येण्याबद्दल शब्द नाही. हळूहळू तो मला म्हणायला लागला, "लई मोठा झाला गं त्यो. बापाचं ऐकत न्हाई." गेल्या वर्षी पंचमीला त्यानं मायला सांगितलं, त्याच्या नावानं ताट वाढत जाऊ नको. माय पाच वर्षं सणाला तुझं ताट वाढत होती, हे तुला माहीत नसेल. ते मी कधी लिहिलं नाही.

आता तुझं नोव्हेंबरातलं पत्र. ते डिसेंबरात वस्तीवर आलं. शाळेचं स्नेहसंमेलन होतं, मला येता आलं नाही. बा मेंढरं घेऊन खालच्या अंगाला गेलेला, तो पत्राचं कळल्यावर दोन दिवस चालत आला आणि माझी वाट बघत बसला. आठ दिवस बसला. मेंढरं भाड्याच्या माणसावर टाकलेली, त्याला परत जायला हवं होतं. शेवटी तो पत्र घेऊन सोयगावला नानासाहेब गुरुजींकडं गेला. म्हणाला, "लेकीला सवड न्हाई गुर्जी, एवढ्या खेपेला तुमी वाचा." गुरुजींनी वाचलं. खांद्याचं वाचलं, ऑपरेशननंतर हात डोक्याच्या वर जात नाही आणि संघानं करार पुढं केला नाही, हे वाचलं. मार्चअखेर पासपोर्टाची मुदत संपते, मग इकडं यायचं की रेनेबरोबर तिथलेच कागद करून घ्यायचे ते ठरवायचंय, हे वाचलं. आणि मग ते, बा, चार वर्षांपूर्वी विचारलं होतं, आता पुन्हा विचारतो, मी येऊ का? या वेळी नाही म्हणालास तर परत विचारणार नाही.

बा म्हणाला, "चार वर्सांपूर्वी काय इचारलं व्हतं?"

गुरुजींना काय माहीत. बा उठला, वस्तीवर गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी पत्रं घेऊन परत गुरुजींच्या ओट्यावर आला. अकरा पत्रं, भाऊ. गुरुजी मला म्हणाले, मी म्हटलं त्रिंबकराव, ही तर जुनी आहेत, तुम्ही ऐकलेली आहेत. तर बा म्हणाला, "न्हाई ऐकल्याली. वाचा." दोन दिवस तो ऐकत होता. मेक्सिकोचं दुसरं पान गुरुजींनी दोनदा वाचलं, कारण बानं परत वाचायला सांगितलं. तुझ्या पत्रांत माझी उत्तरं पण होती, बा तू असं म्हणालास, बा तू तसं म्हणालास, त्यामुळं मी काय लिहीत आले तेही त्याला कळलं. गुरुजींनी चहा ठेवला होता, तो तसाच राहिला. त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा एरवीसारखं मोठ्यानं सांगितलं नाही.

डिसेंबरच्या शेवटी बा इथं आला. गारखेड्यातली माझी खोली त्यानं पहिल्यांदा बघितली. आत आला नाही. उंबऱ्यापाशी उभं राहून म्हणाला, "का?" मी सांगितलं, भाऊचं भलं व्हावं म्हणून. तो म्हणाला, "व्हय." आणि पुढच्या बसनं परत गेला. मला वाटलं होतं तो ओरडेल, मारेल. पण नाही.

मी त्याला जे सांगितलं ते पण अर्धंच होतं. उरलेलं आता तुला सांगते, कारण ते मी स्वतःला सुद्धा नीट सांगितलेलं नाही. तू मनिलाला गेलास तेव्हा कडूबामामाशी बोलणं झालेलं होतं. मामाची आवडा तुला आणि मी त्याच्या फकिराला, साटंलोटं. तू परत आला असतास तर त्याच वैशाखात दोन्ही लग्नं एका मांडवात झाली असती. तुझ्यावाचून ते होणार नव्हतं, कारण आवडा आपल्याकडं आल्याशिवाय मामा मला मागू शकत नव्हता. तू जितके दिवस लांब, तितके दिवस माझं कॉलेज. पहिलं पत्र मी कॉलेजचा फॉर्म भरला त्याच आठवड्यात लिहिलं. चौऱ्याण्णवचं लिहिलं तेव्हा माझं दुसरं वर्ष चालू होतं. प्रत्येक वेळी मी म्हटलं, भाऊचं नाव व्हावं, आपल्या माणसांचं नाव व्हावं, आणि प्रत्येक वेळी मला एक वर्ष मिळालं. घरातली पहिली पदवीधर म्हणून माझा सत्कार झाला तेव्हा बानं पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. आवडानं तीन वर्षं वाट बघितली. शहाण्णव साली मामानं तिला जाफराबादकडं दिली, दोन मुलांच्या बापाला. निघताना ती मला म्हणाली, "तुजा भाऊ चांगला हाय गं, त्याला शिव्या देऊ नको." मी तिच्या डोळ्यांकडं बघितलं नाही.

मी मुलींना शिकवते, भाऊ. वर्गात मी त्यांना सांगते की शिका, खरं बोला, कोणाच्या अडाणीपणाचा फायदा घेऊ नका. ते खरंच वाटतं म्हणून सांगते. यावर मला तुझ्याकडून काही नको आहे, माफी तर नकोच.

काल बा पुन्हा आला. या वेळी आत आला, पाणी प्यायला, भिंतीला टेकून बसला. मी कागद घेतला आणि म्हटलं, सांग, या वेळी तू म्हणशील तेच लिहिते, अक्षर न बदलता. तो म्हणाला, "माझा अंगठा त्याच्याकडं सात येळा गेलाय. आता आठव्यांदा ये म्हनलं तर तो इस्वास ठेवील का? म्हनंल म्हातारं आजारी पडलं, म्हनून बोलवतंय." मी म्हटलं, मग गुरुजींकडून लिहून घे. तो म्हणाला, "गुर्जी काय लिवतील? चूक तुजी हाय. तू तुजं लिव्ह, काय काय केलं ते. माजं मी त्याला तोंडानं सांगीन, आल्यावर." म्हणून हे पत्र. आणि बानं बजावलंय की पाकीट चिकटवायचं नाही. तो ते आज सोयगावला नेणार, गुरुजी त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवणार, आणि मग टपालात पडणार. मामाचं आणि माझ्या कॉलेजचं त्याला अजून माहीत नाही. वर लिहिलं आहे, ते तो तुझ्या आधी ऐकेल. दोनदा मी ते पान काढून ठेवायला हात लावला, आणि दोन्ही वेळा तो बाजेवरून माझ्याकडं बघत होता. मी तुला ये म्हणत नाही, माझ्या म्हणण्याला आता तुझ्याकडं किंमत नसणार. बानं म्हटलं होतं, सात वेळा, तेवढं खरं आहे. मार्चअखेरला अजून अडीच महिने आहेत. साडेअकराची बस आहे आणि बा चपला घालून दारात उभा राहिलाय, हात पुढं करून.

तुझीच,
बाना